कॅसेटवरची रॉक गाणी कानाने कशी बसवायची

माझ्याकडे शनिवार-रविवार गिटार शिकायला जी पोरं येतात ती पहिल्याच दिवशी विचारतात, सर टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते लिहिलेला कागद) कुठनं डाउनलोड करू? मी सांगतो, पहिले सहा महिने टॅब बघायचीच नाही, गाणं कानाने बसवायचं. काहीजण नाराज होतात, एकदोघं येणं बंद करतात, पण जे टिकतात त्यांचा कान वर्षभरात असा तयार होतो की वरातीतला बँड ऐकला तरी डोक्यात कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) सुरू होतात. मी स्वतः असाच शिकलो, नव्वदच्या दशकात, मिरजेत, आतेभावाने मुंबईहून भरून आणलेल्या दोन कॅसेटींवर. त्यातल्या ज्या पाचसहा गाण्यांनी मला घडवलं ती शिकायला आजही तितकीच चांगली आहेत. कुठलं गाणं कधी घ्यायचं, त्यात काय ऐकायचं, कुठे अडकायला होतं ते सगळं इथे लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी ऐकायची सोय नीट करा. फोनच्या स्पीकरवर गाणं बसवायला जाऊ नका, त्यात बेस जवळजवळ नसतोच, आणि बेस ऐकू आला नाही तर कॉर्ड कुठली आहे ते कळायला दुप्पट वेळ लागतो. साधे वायरवाले इअरफोन घ्या, डावा-उजवा दोन्ही चालू असलेले (हे का म्हणतोय ते पुढे येईल). आता यूट्यूबवर स्पीड पाऊण किंवा अर्धा केला तरी सूर तिथेच राहतो, ही केवढी मोठी सोय आहे ते आमच्या पिढीला विचारा. आमच्या आधीच्या लोकांकडे रेकॉर्ड प्लेयर असायचे, त्यातल्या काहींना १६ चा स्पीड (मिनिटाला फेऱ्या) असायचा, ३३ ची एलपी त्याच्यावर लावली की गाणं बरोब्बर निम्म्या वेगाने वाजायचं पण सूर अख्खं एक सप्तक खाली जायचा, आणि तरी त्याच्यावरनं लोक सोलो (गाण्यातला एकट्या गिटारचा भाग) उतरवून काढायचे.

आमच्याकडे तर तेही नव्हतं. घरच्या टेपरेकॉर्डरची मोटर जरा जोरात फिरायची, म्हणजे सगळी गाणी मूळ सुरापेक्षा किंचित वर वाजायची, आणि मी पिचपाइपवर (सूर देणाऱ्या शिट्टीवर) गिटार लावून बसलो की एकही सूर जुळायचा नाही. दोन महिने मला वाटत होतं की माझाच कान खराब आहे. मग एका दिवशी पिचपाइप बाजूला ठेवला आणि गाण्यातल्या बेसच्या सुराला सहावी तार लावली, तिच्यावरनं बाकीच्या लावल्या, आणि सगळं जुळलं. म्हणून माझा पहिला नियम असा की गिटार आधी ट्यूनरवर लावा, पण गाणं सुरू झाल्यावर जुळत नसेल तर गाण्याला लावा. जिमी हेंड्रिक्सची बरीच गाणी, गन्स एन रोझेसची बरीच गाणी अर्धा सूर खाली लावलेल्या गिटारवर वाजवलेली आहेत, तिथे ट्यूनर बरोबर आणि तुम्ही चूक असं काही नसतं.

आता बसवायचं कसं. गाण्याचा चार-पाच सेकंदांचा तुकडा घ्या, त्याहून मोठा नको. गिटार खाली ठेवा, हातातच घेऊ नका. तो तुकडा दहा वेळा ऐका आणि मग गाणं बंद करून तोंडाने म्हणा, ला-ला करा, सारेगम येत असेल तर सारेगममध्ये म्हणा, कसंही म्हणा, पण सूर न् सूर म्हणता आला पाहिजे. आपल्याकडे गुरुजी आधी गायला लावतात आणि मग वाद्य हातात देतात ते काही उगीच नाही. तोंडात आलं की गिटार घ्या आणि सगळं एकाच तारेवर शोधा, पट्टीवर वर-खाली सरकत. एकाच तारेवर शोधलं की दोन सुरांत अंतर किती आहे ते डोळ्याला दिसतं. सूर सापडल्यावर मग बघा की हे दोन-तीन तारांवर सोयीने कुठे बसतंय. उलट केलं, म्हणजे आधी हात आणि मग कान, तर हाताला सवयीच्या जागाच सापडत राहतात आणि गाणं 'साधारण तसं' वाजतं. साधारण तसं वाजवून कान तयार होत नाही.

पहिलं गाणं डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर'. सगळे हेच शिकतात म्हणून काही लोक नाक मुरडतात, मी नाही मुरडत, कारण जवळजवळ सगळेच ते चुकीचं शिकतात. १९७१ च्या डिसेंबरमध्ये हे लोक स्वित्झर्लंडमध्ये माँट्रोला रेकॉर्डिंगला गेले होते, तिथल्या कॅसिनोत फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर उडवला आणि कॅसिनो जळून गेला, तळ्यावर धूर पसरला, आणि रेकॉर्डिंग शेवटी एका हॉटेलात, रोलिंग स्टोन्सची फिरती स्टुडिओ गाडी बाहेर उभी करून झालं. गाण्यात हीच गोष्ट सांगितलीय. आता रिफ ऐका, म्हणजे गाण्यात परत परत येणारा तो गिटारचा छोटा तुकडा. प्रत्येक वेळी दोन सूर एकत्र वाजतात. पोरं तिथे पॉवर कॉर्ड लावतात, म्हणजे खाली मूळ सूर आणि वर पंचम, पण त्यांचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर उलटं वाजवतो, पंचम खाली आणि षड्ज वर, चौथी आणि तिसरी तार, एकाच बोटाने दोन्ही दाबून, आणि पिक (तारा छेडायची प्लास्टिकची चकती) न वापरता बोटांनी दोन्ही तारा एकदम उचलून. मोकळी, तिसरा फ्रेट (पट्टीवरचं घर), पाचवा. मोकळी, तिसरा, सहावा, पाचवा. मोकळी, तिसरा, पाचवा, तिसरा, मोकळी. बस एवढंच.

हे मला कळलं ते मिरजेतल्या एका सतारमेकर काकांकडे. माझी गिटार स्वस्तातली होती, तारा पट्टीपासून इतक्या उंच की दाबताना बोटं सोलून निघायची, आणि आमच्याकडे गिटार रिपेअरवाला कुठला असायला, म्हणून वडील म्हणाले सतारमेकर गल्लीत दाखव. काकांनी गिटार उलटीपालटी केली, घोडीवरची पट्टी काढली, कानस घेऊन तिच्या बुडाला चारपाच हात मारले, परत बसवली, तार छेडून बघितली, परत काढली, परत दोन हात मारले. समोर भोपळे वाळत पडलेले, लाखेचा वास, आणि मी तिथे बसून वेळ काढायला माझी रिफ गुणगुणत होतो. दुरुस्ती झाल्यावर म्हणाले वाजवून दाखव. मी पॉवर कॉर्डवाली वाजवली. काका म्हणाले, "गुणगुणत होतास ते येगळं होतं की. तुझ्या तोंडात षड्ज वर होता, हातात खाली आलाय." मग त्यांनी माझ्या गिटारच्या चौथी-तिसरी मोकळ्या तारा एकदम छेडल्या आणि म्हणाले, "ही बघ, तंबोऱ्याची पयली जोडी, पंचम आन् षड्ज." मी घरी जाऊन कॅसेट लावली आणि अंगावर काटा आला, अगदी तेच होतं. तिसऱ्या मोकळ्या तारेला षड्ज धरा आणि वरचे सूर म्हणून बघा: सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, म. सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. शुद्ध मध्यमाला लागून तो तीव्र मध्यम येतो ना, अख्ख्या रिफची चव तिथे आहे, तो पुसट वाजवला तर गाणं मेलं. दोन आठवडे हीच रिफ घ्या. नुसतं गिटारचं नाही, आधी एकटी गिटार, मग हाय-हॅट (ड्रम्समधल्या झांजांची जोडी), मग ड्रम्स, मग बेस असं एकेक कोण कधी आत येतं ते मोजा, आणि जॉन लॉर्डचा ऑर्गन गिटारसारखाच खरखरीत करून तीच रिफ वाजवतोय तो वेगळा ऐकू येतोय का बघा. पहिल्या आठवड्यात नाही आला तरी चालेल.

दुसरं, ब्लॅक सॅबथचं 'पॅरानॉइड', १९७०. हे उजव्या हातासाठी. वेग मिनिटाला १६० ठोक्यांच्या वर आहे, हात मनगटातनं मोकळा नसेल तर एका मिनिटात कोपर दुखायला लागतं, म्हणून मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) शंभरावर लावून सुरू करा आणि रोज चार-पाचने वाढवा, त्याच्यावर घाई करू नका. तळहाताची कडा घोडीजवळ तारांवर अलगद टेकवून आवाज दाबायचा असतो, किती टेकवायची ते ऐकूनच कळेल, जास्त टेकवली तर ठकठक नुसती, कमी टेकवली तर सगळा गोंगाट. आणि बोटं दुखतात म्हणून ज्यांना सोडावंसं वाटतं त्यांना मी सॅबथच्या गिटारवादकाची, टोनी आयोमीची गोष्ट सांगतो. बर्मिंगहॅममधला हा डावखुरा माणूस, पत्र्याच्या कारखान्यात कामाला, १७ व्या वर्षी मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली, म्हणजे ज्या हाताने तो तारा दाबायचा तोच हात. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, हाताची दोन बोटं निकामी झालेला गिटारवादक. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, आणि दाबायला सोपं जावं म्हणून बारीक तारा लावल्या. पुढे तारा आणखी सैल म्हणून गिटार खाली उतरवली आणि तो जड आवाज तिथनं आला. तुमच्या बोटांना घट्टे पडायला तीनेक आठवडे लागतात, रोज वीस मिनिटं दोनदा वाजवा, एकदम दोन तास नको. तारा ९ किंवा १० नंबरच्या घ्या आणि तारा उंच असतील तर गिटार दाखवून आणा, त्यात कमीपणा काही नाही, अर्धी पोरं गिटार सोडतात ती याच एका कारणाने.

आता डाव्या-उजव्या इअरफोनचं. माझ्या वॉकमनच्या हेडफोनची एक बाजू मेलेली होती, आणि एसी-डीसीचं 'बॅक इन ब्लॅक' मी त्याच्यावर महिनोन् महिने ऐकलं. मग एकदा मित्राच्या घरी म्युझिक सिस्टिमवर ऐकलं तर दुसऱ्या बाजूने एक अख्खी वेगळी गिटार वाजतेय! त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये माल्कम यंगची गिटार एका बाजूला असते आणि त्याच्या भावाची, अँगसची, दुसऱ्या. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, पण आता मी हेच मुद्दाम करायला लावतो. एक कान काढा, पाच वेळा ऐका, मग तो घाला आणि दुसरा काढा. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये वाद्यं बऱ्याचदा अशी सरळ दोन बाजूंना वाटलेली असतात, म्हणून ती कानाने बसवायला नवीन गाण्यांपेक्षा सोपी जातात. सोलो सगळ्यांनाच बसवायचा असतो, पण तुम्ही आधी माल्कमची बाजू बसवा. ई, डी, ए, तीनच कॉर्ड आहेत, आणि मधे रिकामी जागा आहे, तिथे काही वाजत नाही, आणि ती जागा मोजता येणं हाच खरा धडा. पायाने ठेका धरा, रिकाम्या जागेत तारांवर हात ठेवून आवाज पूर्ण बंद करा, आणि मोजत राहा. तबला शिकलेल्या पोरांना हे पटकन येतं, त्यांना तालातली 'खाली' काय असते ते सांगावं लागत नाही.

ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' (१९७६ च्या शेवटचा अल्बम) कॉर्ड ओळखण्यासाठी. कडव्याला आठ कॉर्ड, प्रत्येक कॉर्डला एक बार (चार ठोके), आणि कुठलाही बदल अर्धवट येत नाही, म्हणून कानाला विचार करायला वेळ मिळतो. सातव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, मग तुमचे हात ई मायनर, बी सेव्हन, डी, ए, सी, जी, ए मायनर, बी सेव्हन असे फिरतील. पण हे मी सांगितलं म्हणून वाजवू नका, आधी नुसता बेस ऐका आणि प्रत्येक बारचा पहिला सूर गाऊन काढा, आठ सूर कागदावर लिहा, मग कॉर्ड मेजर का मायनर ते ठरवा, आणि शेवटी इथे बघून ताडून पाहा. शेवटचा दोन गिटारचा भाग डॉन फेल्डर आणि जो वॉल्श वाजवतात. तो एकट्याने करायचाच नाही, मित्र शोधा.

मग लेड झेपलिनचं 'स्टेअरवे टू हेवन', १९७१. माझ्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची होती आणि आतेभावाने हे गाणं तिच्या शेवटी भरलेलं. गाणं आठ मिनिटांचं. कॅसेट सहाव्या मिनिटाच्या जरा अलीकडे खट् करून थांबायची, ड्रम्स आत येऊन गेलेले, गिटारी अशा वर चढत चाललेल्या, आणि खट्. पुढे सोलो आहे हे मला वर्षभर माहीतच नव्हतं. मग मी काय करायचो, कॅसेट थांबली की पुढचं स्वतः वाजवायचो, रोज वेगळं, ए मायनर, जी, एफ फिरवत, पाचव्या फ्रेटच्या आसपास सूर शोधत. वर्षभराने सांगलीत एकाकडे पूर्ण गाणं ऐकलं तेव्हा जिमी पेजचा सोलो सुरू झाला आणि त्यातल्या दोन जागा मी जवळपास तशाच घेत होतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला जमेल.

म्हणून हे गाणं दोन भागांत करा. सुरुवातीचा भाग आधी: चौथ्या तारेवर सातवा, सहावा, पाचवा, चौथा, तिसरा फ्रेट असा सूर एकेक पायरी उतरतो, सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, आणि तो उतरत असताना पहिल्या तारेवर पाचवा, सातवा, आठवा असा वरचा सूर चढतो. दोन्ही एकत्र गाता येत नाहीत, तर खालचा वाजवत वरचा गा, मग वरचा वाजवत खालचा गा. हे जमायला मला तीन आठवडे लागले होते, तुम्हालाही लागू देत. आणि मग सोलोच्या बरोब्बर आधी गाणं बंद करा, पंधरा दिवस तरी पुढचं ऐकू नका, स्वतः बनवा, फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. त्यानंतर ऐका. आधी ऐकलेलं असेलच, तरीही करा, कुठल्याही न ऐकलेल्या गाण्यावर करा, पण करा.

डायर स्ट्रेट्सचं 'सुलतान्स ऑफ स्विंग' (१९७८) लवकर घेऊ नका. मार्क नॉफ्लर पिक वापरत नाही, अंगठा आणि दोन बोटं, आणि प्रत्येक सूर बोटाने चिमटून काढल्यासारखा येतो, पिक घेऊन ते सूर सगळे बरोबर वाजवले तरी तसं लागत नाही. आधी वर सांगितलेली गाणी होऊ द्या. आणि सोबत कुणी ड्रम्स शिकत असेल तर त्याला लेड झेपलिनचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' द्या, जॉन बोनमचे ड्रम्स हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याखालच्या हॉलमध्ये मांडले होते आणि माइक वर जिन्यात, त्या घराचाच आवाज आहे तो. आम्ही ते ऐकून मित्राचा ढोल आमच्या वाड्याच्या जिन्याखाली नेऊन वाजवला होता, शेजारच्या आजी काठी घेऊन आल्या, पण आवाज खरंच तसा आला होता.

पालक विचारतात, याच्यासाठी देवाची देणगी लागते का हो? क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत होता, तिथे द हेक्टिक्स नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, आणि त्याच्या शाळासोबत्यांनी सांगितलंय की रेडिओवर ऐकलेलं गाणं तो लगेच पियानोवर काढायचा. त्याला देणगी होतीच. पण मी शिकवलेल्या पोरांमध्ये ज्यांना सुरुवातीला सा कुठला तेही सांगता येत नव्हतं तीही सहाआठ महिन्यांत साधं गाणं कानाने काढायला लागली, रोज चाळीस मिनिटं आणि चार सेकंदांचे तुकडे, एवढ्यावर.

शेवटी पिंक फ्लॉइडचं 'विश यू वर हिअर', १९७५. हे मी सगळ्यात शेवटी देतो. कॉर्ड सोप्या आहेत: तिसरं आणि चौथं बोट दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला ठेवायचं आणि सुरुवातीच्या पूर्ण भागात ते उचलायचंच नाही, बाकीची दोन बोटं खाली ई मायनर सेव्हन, जी, ए सेव्हन सस असं बदलतात, म्हणजे वरचे दोन सूर कायम तेच वाजत राहतात, तंबोऱ्यासारखे. सुरुवात नीट ऐका. कुणीतरी रेडिओची स्टेशनं बदलतंय, बोलणं, मग क्षणभर चायकोव्हस्कीची सिम्फनी, मग एका स्टेशनवर बारा तारांची गिटार, पातळ, लांबून आल्यासारखी. त्यांनी ती मुद्दाम तशी केली. मग साधारण मिनिटभराने दुसरी गिटार येते, एकदम जवळची, भरीव, आणि त्याच्या आधी खोकल्याचा आवाज पण ऐकू येतो, जसं कुणी पोरगा आपल्या खोलीत बसून रेडिओवरच्या गाण्याबरोबर वाजवतोय.

तर हे असं करा. गाणं दुसऱ्या खोलीत स्पीकरवर बारीक लावा, दार अर्धं लोटा, आणि तुम्ही इकडे गिटार घेऊन बसा. रेडिओवाली गिटार चालू असेपर्यंत हात तारांवर ठेवून नुसतं ऐका. दुसऱ्या गिटारची जागा आली की डेव्हिड गिलमोरचं आठवू नका, तुमचं जे येईल ते वाजवा, दोनच सूर आले तरी चालतील, आणि ते संपलं की गाणं परत पहिल्यापासून लावा.